भुलीचें औषध आणि घराण्याची आठवण



इतिहास म्हटला कीं आपणांस लढाया, तह आणि राज्यारोहणें आठवतात. माझीं पस्तीस वर्षें मुलांना तोच इतिहास शिकविण्यांत गेलीं. आज ज्या इतिहासाविषयीं मी बोलणार आहें त्यांतही शस्त्रें आहेत, पण तीं वैद्यांचीं. घराणीं आहेत, पण तीं शेतकऱ्यांचीं, व्यापाऱ्यांचीं आणि विद्यार्थ्यांचीं. एखादें धडधाकट माणूस लहानशा शस्त्रक्रियेसाठीं टेबलावर निजावें, त्यास भूल द्यावी, आणि कांहीं एक कारण दिसत नसतांना तें परत उठूंच नये, असें कां होतें? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत वैद्यकशास्त्राचीं शंभरांवर वर्षें गेलीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. औषधाच्या मात्रा मला विचारूं नयेत. पण हें उत्तर कोठें दडून बसलें होतें त्याची हकीकत मोठी विलक्षण आहे, आणि ती समजण्यास वैद्य असण्याची आवश्यकता नाहीं.

१८४६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १६ तारखेस अमेरिकेंतील बोस्टन शहरीं विल्यम मॉर्टन नांवाच्या दंतवैद्यानें एका रोग्यास ईथर हुंगविला, आणि जॉन वॉरन या शस्त्रवैद्यानें त्याच्या मानेवरील गांठीवर वेदनेशिवाय शस्त्र चालविलें. पुढल्याच वर्षीं एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनीं क्लोरोफॉर्म पुढें आणला. तत्पूर्वीं शस्त्रक्रिया म्हणजे रोग्यास चार गड्यांनीं दाबून धरणें. त्या नरकांतून मनुष्यजातीची सुटका झाली. परंतु सुटकेचा आनंद पुरता ओसरला नाहीं तोंच, १८४८ च्या जानेवारीच्या २८ तारखेस, इंग्लंडांत न्यूकॅसलजवळील एका खेड्यांत हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचें नख काढावयाचें म्हणून क्लोरोफॉर्म हुंगतांच दोनतीन मिनिटांत मरण पावली. नखासाठीं प्राण! लोक हादरले, आणि औषध दोषी कीं देणारा दोषी असा वाद सुरू झाला.

त्या वादाचें एक प्रकरण आपल्या अगदीं शेजारीं घडलें. हैदराबाद संस्थानांत (ज्यांत त्या वेळीं आपला मराठवाडाही होता) एडवर्ड लॉरी या सर्जनसाहेबांच्या आग्रहानें १८८८ व १८८९ सालीं निजाम सरकारनें दोन क्लोरोफॉर्म कमिशनें नेमलीं. दुसऱ्या कमिशनासाठीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानें लॉडर ब्रंटन यांस मुद्दाम लंडनहून पाठविलें. शेंकडों प्राण्यांवर प्रयोग झाले. या हैदराबादेंतच रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाईंनीं क्लोरोफॉर्म देण्याची विद्या हस्तगत केली. जगांतील अगदीं पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. कमिशनाचा निष्कर्ष असा निघाला कीं, श्वासावर नजर ठेवावी, हृदयाची भीति बाळगूं नये. तो निष्कर्ष टिकला नाहीं. हलक्या भुलींत क्लोरोफॉर्म हृदयच एकाएकीं बंद पाडूं शकतो, हें १९११ सालीं गुडमन लेव्ही यांनीं दाखवून दिलें. मला येथें एवढेंच सांगावयाचें आहे कीं, या साऱ्या धामधुमींत विचार झाला तो औषधाचा आणि तें देणाऱ्या हाताचा. ज्याच्या शरीरांत तें औषध जावयाचें, त्या माणसाची घडणच इतरांहून निराळी असूं शकेल, आणि ती त्याला आईबापांकडून आलेली असूं शकेल, ही शंका त्या कागदपत्रांच्या भाऱ्यांत कोणासही शिवलेली दिसत नाहीं.

ही शंका प्रथम ज्यांनीं नीट मांडली ते गृहस्थ भूल देणारे नव्हतेच. लंडनचे आर्चिबॉल्ड गॅरॉड हे मुलांच्या इस्पितळांत काम करीत असतां त्यांच्यापुढें असें एक मूल आलें, कीं ज्याच्या लघवीचे डाग लंगोटावर काळे पडत. मूल तसें खेळतें-बागडतें होतें. अशा मुलांच्या घरांची चौकशी करतां गॅरॉड यांस आढळलें कीं, त्यांचे आईबाप पुष्कळदां एकमेकांचीं सख्खीं चुलत, मामे किंवा मावस भावंडें असतात. (आपल्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच मानीत, हें श्रोत्यांस ठाऊक आहेच.) मेंडेलचे वाटाण्यावरील प्रयोग १९०० सालीं पुन्हां उजेडांत आले होते, बेटसन या जीवशास्त्रज्ञाच्या मदतीनें गॅरॉड यांनीं दोन्हींची सांगड घातली. शरीरांत अन्नाचें एका द्रव्यापासून दुसरें, दुसऱ्यापासून तिसरें असें जें रूपांतर चालतें, त्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक कारागीर बसलेला असतो. त्यालाच आपण आज एन्झाइम म्हणतों. एखाद्या घराण्यांत एका पायरीवरचा कारागीर जन्मतःच गैरहजर असतो, आणि तेथें माल तुंबतो. १९०८ सालीं व्याख्यानें देऊन गॅरॉड यांनीं या विकारांस चयापचयाचे जन्मजात दोष असें नांव दिलें. त्याच्याही आधीं, १९०२ च्या निबंधांत, त्यांनीं जातां जातां असें सुचविलें होतें कीं, एकच औषध निरनिराळ्या माणसांस निरनिराळें कां लागतें, त्याचेंही मूळ अशाच रासायनिक वेगळेपणांत असावें. या वाक्याकडे पन्नास वर्षें कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. नवीं औषधें मात्र झपाट्यानें येत गेलीं.

आतां आपण दक्षिण आफ्रिकेंत जाऊं. १९३४ सालीं अमेरिकेंत थायोपेंटोन हें शिरेंतून टोंचावयाचें भुलीचें औषध वापरांत आलें. रोग्यानें दहापर्यंत आंकडे मोजावे आणि निजावें, इतकें तें सुखाचें. तें आणि त्याच्या जातीचीं झोंपेचीं औषधें लौकरच जगभर पसरलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्ट एलिझाबेथ येथें व्यवसाय करणाऱ्या जॉफ्री डीन या इंग्रज डॉक्टरास असे रोगी भेटूं लागले, कीं हीं औषधें पोटांत जातांच त्यांचे हातपाय लुळे पडावे, मग श्वासाचे स्नायु दुबळे व्हावे, आणि कित्येकांनीं प्राण सोडावा. लघवीचा रंग द्राक्षाच्या मद्यासारखा लालसर. हा पॉर्फिरिया होता. रक्ताला तांबडेपणा देणारें जें द्रव्य, तें तयार होण्याच्या वाटेवरील एक कारागीर या लोकांत निम्म्या बळानें काम करतो. एरवीं तेवढ्यावर भागतें. परंतु थायोपेंटोन यकृतास तेंच द्रव्य अधिक बनविण्यास भाग पाडतें. मग अडलेल्या पायरीमागें अर्धवट झालेला माल सांचतो आणि मज्जातंतूंना त्याची बाधा होते.

यांतील क्रूर गोष्ट पुढेंच आहे. या विकाराचा झटका पुष्कळदां पोटांतील भयंकर कळेनें सुरू होतो. पोट दुखतें म्हणून डॉक्टर ॲपेंडिक्सची शंका घेणार, पोट उघडण्यासाठीं थायोपेंटोननें भूल देणार, पोटांत कांहीं सांपडणार नाहीं, आणि रोगी लुळा होऊन मरणार! आधीं साधें दुखणें होतें, त्यावर उपचारानें मृत्यु ओढवला. अशा घरांतील माणसें डॉक्टरांस भीत असतील तर त्यांस अडाणी म्हणवत नाहीं.

डीन यांनीं प्रयोगशाळेपेक्षां घरांचे उंबरठे अधिक झिजविले. शेतांवर जावें, म्हाताऱ्यांना भेटावें, चर्चमधील दप्तरें चाळावीं. व्हॅन रूयन आडनांवाच्या लोकांत हाताची कातडी उन्हानें व खरचटण्यानें चटकन् सोलते, हें त्या भागांतील माणसांस आधींपासून ठाऊक होतें. त्या कातडीला त्या घराण्याचें नांवच पडलें होतें. या सुताच्या टोंकास धरून मागें मागें जातां डीन १६८८ सालापर्यंत पोंचले. त्या वर्षीं केप येथें खेरिट यान्स नांवाच्या डच वसाहतवाल्याचा विवाह रॉटरडॅमच्या अनाथालयांतून पाठविलेल्या आरियांत्ये याकोब्स या मुलीशीं झाला होता. रोगी झाडून साऱ्या देशांत विखुरलेले, आडनांवें निराळीं, पण धागे एकाच जोडप्याकडे जात. १९५५ सालीं डीन यांनीं आपला शोध प्रसिद्ध केला. चाळीस वर्षांनीं, १९९६ सालीं, जनुकांचें वाचन करणाऱ्या शास्त्रज्ञांना यांपैकीं बहुतेक घराण्यांत एकच एक फरक सांपडला, आणि दप्तरांतून काढलेली वंशावळ खरी ठरली. अडीचशें वर्षें हा दोष कातडीच्या किरकोळ तक्रारीपलीकडे फारसा गेला नाहीं. त्या घराण्यांचीं माणसें भरपूर जगलीं, लेंकुरवाळीं झालीं. दोष जुनाच होता. नवें होतें तें औषध.

येथें मला आपल्या कुलवृत्तांतांची आठवण होते. आपल्याकडे किती घराण्यांनीं खपून हे जाडजूड ग्रंथ छापले! त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांतही पिढ्यान्‌पिढ्यांचीं नांवें आहेत. मूळ गांव, इनाम, देवक, दत्तक, सारें त्यांत मिळेल. पण कोण कशानें गेलें, हा रकाना बहुधा कोरा, आणि सुनांचीं माहेरें तर एका ओळींत उरकलेलीं. डीन यांस आपल्याकडे काम करावें लागतें तर त्यांचे अर्धे धागे तेथेंच तुटते. असो.

दुसरी हकीकत सक्सामेथोनियम या औषधाची. याचा इतिहास गमतीचा आहे. १९०६ सालींच अमेरिकेंत हंट आणि तावो यांनीं तें जनावरांना टोंचून पाहिलें होतें; परंतु त्या जनावरांना आधींच क्युरारी हें स्नायु लुळे करणारें विष दिलेलें असल्यानें, हें नवें औषधही स्नायु लुळे करतें ही मुख्य गोष्टच त्यांस दिसली नाहीं. ती दिसण्यास १९४९ साल उजाडलें, आणि १९५१ पासून स्टॉकहोम व व्हिएन्ना येथें रोग्यांवर त्याचा उपयोग सुरू झाला. श्वासनळींत नळी घालण्यापुरते स्नायु सैल व्हावे आणि पांच मिनिटांत पूर्ववत् व्हावे, अशी त्याची ख्याति. पांच मिनिटांतच कां? तर रक्तद्रवांतील एक एन्झाइम त्याचा फडशा पाडतें म्हणून.

पण एकदोन वर्षांतच बातम्या येऊं लागल्या कीं, एखादा रोगी पांच मिनिटांचा अर्धा तास करतो, एक तास करतो, कधीं त्याहूनही अधिक. श्वास म्हणून घेत नाहीं. ज्याला ही गोष्ट माहीत नाहीं तो घाबरतो. ज्याला माहीत आहे तो एकच करतो: हवेची पिशवी हातानें दाबीत बसतो, भूल चालू ठेवतो, आणि वाट पाहतो. भूल चालू ठेवणें महत्त्वाचें, कारण तसें न केल्यास रोगी शुद्धीवर येतो, सर्व ऐकतो, पण पापणीही हलवूं शकत नाहीं. जिवंतपणीं पुरल्याची ती भीति कशी असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. योग्य हात मिळाले तर हा रोगी पूर्ण बरा होऊन घरीं जातो.

टोरोंटो येथील वेर्नर कालो यांनीं १९५७ सालीं याचें मर्म उकललें. डायब्युकेन नांवाचें औषध घातल्यास सामान्य माणसाचें हें एन्झाइम शेंकडा ८० दबतें; त्या विशिष्ट रोग्यांचें केवळ शेंकडा २० दबतें; आणि त्यांच्या आईबापांचें, मुलांचें शेंकडा ६० च्या आसपास. म्हणजे एन्झाइमची घडणच निराळी, आणि ती मेंडेलच्या नियमानें वारशानें आलेली. युरोपीय वंशाच्या लोकांत दोन्हींकडून हा वारसा आलेला मनुष्य दोनतीन हजारांत एखादा आढळतो.

आपल्या देशांत या विषयाला एक स्वतंत्र प्रकरण आहे. दक्षिणेंतील वैश्य, म्हणजे आर्य वैश्य, समाजांत हें एन्झाइम जवळजवळ अजिबात नसलेलीं माणसें इतरांच्या मानानें कितीतरी अधिक आढळतात, असें भूलतज्ज्ञांस अनुभवानें दिसून आलें. पुढें कोइमतूर येथील अभ्यासांत त्यांच्या जनुकांतील नेमका फरकही सांपडला. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनीं परदेशीय सहकाऱ्यांसह २००९ सालीं जें संशोधन प्रसिद्ध केलें, त्यांत या समाजाचा उगम शंभरांहून अधिक पिढ्यांपूर्वींच्या थोड्याशा पूर्वजांपासून झाल्याचें दिसतें. थोडे पूर्वज, आणि लग्नें आपसांत, एवढ्यानें दुर्मिळ गोष्ट सुलभ होते. हा समाज आपल्या नांदेड, परभणी, चंद्रपूर या भागांतही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे, म्हणून मी हें मुद्दाम सांगतों. यांत कमीपणाचें लवमात्र नाहीं. असें माणूस शंभर वर्षें जगेल आणि आपल्यांत कांहीं उणें आहे हें त्याला कळणारही नाहीं. फक्त एका औषधाची त्याच्याशीं गांठ पडूं नये, किंवा पडल्यास जाणत्या हातीं पडावी.

तिसरी हकीकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९६० सालीं ऑस्ट्रेलियांत मेलबोर्न येथील इस्पितळांत एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी अपघातांत पाय मोडून आला. पायाची त्याला इतकी काळजी नव्हती. तो भेटेल त्यास सांगूं लागला कीं, मला भूल देऊं नका. माझ्या नात्यांतील दहा माणसें किरकोळ शस्त्रक्रियांच्या वेळीं ईथरनें मेलीं आहेत. दहा! अशा वेळीं घाईच्या इस्पितळांत काय होतें, तें सांगावयास नको. पोरगा घाबरला आहे, असें म्हणून पाठीवर थाप मारतात. येथें तसें झालें नाहीं. भूलतज्ज्ञ जेम्स व्हिलियर्स यांनीं ईथर टाळून हॅलोथेन हें नवें औषध निवडलें आणि डोळ्यांत तेल घालून ते बसले. दहा मिनिटें झालीं नाहींत तों रोग्याची नाडी धांवूं लागली, रक्तदाब उतरला, अंग भट्टीसारखें तापलें. त्यांनीं औषध तत्काळ बंद केलें, अंगाभोंवतीं बर्फ रचला, आणि मुलगा वांचला.

मायकेल डेनबरो या तरुण डॉक्टरानें नंतर त्या घराण्याची पिढ्यांवारी चौकशी केली. मुलाचें म्हणणें अक्षरशः खरें निघालें. आईबापांपैकीं एकाकडून आला तरी पुरे, असा तो वारसा होता. डेनबरो आणि लॉव्हेल यांनीं 'लॅन्सेट'मध्यें त्या वर्षीं एक छोटें पत्र छापलें, आणि ज्याला आज घातक अतिताप म्हणतात त्या विकाराची जगाला ओळख झाली. स्नायूंच्या पेशींत कॅल्शियमचें कोठार असतें. या घराण्यांत त्या कोठाराचा दरवाजा कांहीं विशिष्ट वायुरूप औषधांनीं आणि सक्सामेथोनियमनेंही सताड उघडतो. सर्व स्नायु एकदम आखडतात, शरीरांतील ज्वलन अनेक पटींनीं वाढतें, आणि माणूस जणूं आंतून जळतो. आरंभीं अशा दहांपैकीं सातआठ रोगी मरत.

उपाय सांपडला तो डुकरांमुळें. कांहीं जातींचीं डुकरें कत्तलखान्याकडे नेतांना धास्तीनेंच तापून मरत, आणि त्यांचें मांस फिकें, पाणचट होई. १९६६ सालीं आढळलें कीं, हॅलोथेन व सक्सामेथोनियम दिल्यास अशा डुकरांस हुबेहूब तोच विकार होतो. केपटाऊनच्या गेझफर्ड हॅरिसन यांनीं १९७५ सालीं डँट्रोलीन नांवाचें, स्नायूंचा ताठरपणा घालविणारें औषध या डुकरांना टोंचून त्यांना वांचविलें. १९७९ सालीं अमेरिकेंत तें शिरेंतून माणसांस देण्यास परवानगी मिळाली, आणि वेळेवर ओळख पटून तें हाताशीं असलें तर या विकारानें मृत्यु येणें आतां विरळ झालें आहे.

चयापचयाचे दोष शेंकड्यांनीं आहेत. त्या साऱ्यांची यादी ऐकवून मी श्रोत्यांस शिणविणार नाहीं. कांहींत औषध निर्दोष असतें आणि घातक ठरतो तो शस्त्रक्रियेपूर्वींचा उपास. शरीरांतील साखरेचा सांठा मोकळा करतां न येणारें मूल रात्रभर उपाशी ठेवलें तर सकाळीं त्याची साखर धोक्याच्या खालीं जाते. त्यास रात्रभर शिरेंतून साखरेचें पाणी द्यावें लागतें. आणि ज्यास लोक हंसविणारा वायु म्हणून निरुपद्रवी समजत, त्या नायट्रस ऑक्साइडनेंही २००३ सालीं एका तान्ह्या मुलाच्या मृत्यूची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत करविली. तो वायु ब-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. त्या मुलास त्याच साखळींतील एक एन्झाइम जन्मतः कमी होतें, आणि तें कोणासच ठाऊक नव्हतें.

आपल्यापैकीं पुष्कळांनीं इस्पितळांत हा प्रश्न ऐकला असेल: "तुमच्या घरांत कोणास भूल दिल्यावर कांहीं त्रास झाला होता कां?" माझ्या अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेपूर्वीं एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं मलाही तो विचारला. शेजारच्या खाटेवरील गृहस्थ प्रश्न पुरा होण्यापूर्वींच "नाहीं, नाहीं" म्हणून मोकळे झाले. बाई उठल्या नाहींत. खुर्ची ओढून त्यांनीं त्यांस भाऊ किती, बहिणी किती, आईकडील मामा-मावश्या किती, असें एकेक विचारण्यास आरंभ केला. आणि तिसऱ्या मावशीपाशीं गृहस्थ थांबले. तिच्या बाळंतपणांत शस्त्रक्रिया झाली होती, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ती यंत्रावर होती, असें आई सांगत असे. कशामुळें, तें कोणी विचारलें नव्हतें. बाईंनीं तें लिहून घेतलें आणि त्यांची शस्त्रक्रिया रक्ततपासणी होईपर्यंत पुढें ढकलली.

आज अशा दोषाचा छडा एका माणसांत लागला कीं त्याच्या भावंडांना व मुलांनाही तपासणीस बोलाविण्याची पद्धत आहे. सक्सामेथोनियमच्या बाबतींत दोन्हीं आईबापांकडून दोष आलेल्या रोग्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडास तोच वारसा असण्याचा संभव चारांत एक असतो. घातक अतितापांत तो दोहोंत एक. तपासणींत जो सांपडेल त्यास औषधाचें नांव लिहिलेलें एक कार्ड देतात. पुष्कळ देशांत तें मनगटाच्या पट्टीवरही कोरतात, म्हणजे अपघातांत शुद्ध हरपली तरी मनगट बोलतें. मेलबोर्नच्या त्या विद्यार्थ्यास पुढें मूतखड्यासाठीं पुन्हां शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. या खेपेस डॉक्टरांनीं त्याच्या पाठींत सुई टोंचून कमरेखालचा भागच तेवढा बधिर केला. तो सबंध वेळ जागा होता, आणि त्यास कांहींही झालें नाहीं.